झेंड्याची पाठ

ऑर्तेन्झियाचे झेंडे रोममधल्या निम्म्या खानावळींच्या भिंतींवर होते. आडव्या काठीला लटकणारं लाल चौकोनी कापड, खाली झालर, मधोमध रोमन पलटणीचा सोनेरी रानडुक्कर. एका दातांच्या डॉक्टरांनीसुद्धा एक लावला होता, पेशंटला धीर यावा म्हणून म्हणे! पण अडुसष्ट वर्षांच्या या बाईला एकच ध्यास होता: एकवीस एप्रिलला, शहराच्या वाढदिवसाच्या मिरवणुकीत, आपला एक तरी झेंडा चालावा.

आडवा यायचा सेवेरिनो. हा निवृत्त बस ड्रायव्हर मिरवणुकीत प्राचीन रोमन शिपायांचा वेश करून चालणाऱ्या हौशी पलटणीचा झेंडेकरी होता आणि भलता काटेकोर. पहिल्या वर्षी ती झेंडा घेऊन गेली, तर त्याने झालर चिमटीत धरली.

"नायलॉन? आमचे शिपाई काय वरातीला चाललेत?"

दुसऱ्या वर्षी तिने लोकरीची झालर लावली. त्याने झेंडा उलटा केला. मागे गाठी, लोंबते धागे, डिंकाचे डाग.

"आणि ही पाठ?"

"पाठ भिंतीकडे असते. कोण बघतंय?"

"सिन्योरा, भिंतीला टेकून कुणी लढाईला जात नाही. झेंड्यामागून ऐंशी माणसं चालतात. त्यांना पाठच दिसते."

ऑर्तेन्झियाला वाटलं, याच्या शिरस्त्राणात गरम सूप ओतावं. घरी येऊन तिने धाकट्या बहिणीपुढे, इयोलांदापुढे, त्याचा यथेच्छ उद्धार केला. पण मनात कुठेतरी खटकन लागलं होतं. तीस वर्षं आपण अर्धंच काम करत आलो, हे तिला पटलं होतं आणि त्याचाच जास्त राग आला होता.

त्या हिवाळ्यात तिने खानावळींची कामं परत पाठवली. आधी दोन कापडं पाठीला पाठ लावून शिवली, तर झेंडा गोणपाटासारखा जड झाला. सगळं उसवलं. मग एकाच तागाच्या कापडावर दोन्हीकडून सारखा दिसणारा टाका घालत बसली. धाग्याचं प्रत्येक टोक टाक्याच्या पोटात लपवायचं. दिवसाला चार बोटं काम व्हायचं.

"डोळे घालवशील त्या डुकरापायी," इयोलांदा म्हणाली.

"जाऊ देत. शेपटी तेवढी राहिलीय."

एप्रिलमध्ये सेवेरिनोने झेंडा हातात घेतला आणि पुढची बाजू न बघताच उलटा केला. चष्मा लावला. शिवणीवरून नख फिरवलं. पुन्हा उलटला, पुन्हा सुलटा केला. ऑर्तेन्झियाचा जीव टांगणीला लागला.

"यातली पुढची बाजू कुठली?" अखेर त्याने विचारलं.

ती सांगायला गेली आणि तिलाही चटकन सांगता येईना.

सेवेरिनो मोठ्याने हसला. "मग झालं तर! एकवीसला हाच निघणार. आणि तुम्ही गर्दीत उभ्या राहू नका. आमच्या बायका शेवटच्या रांगेत चालतात, तिथे या."

एकवीसला ती शाल पांघरून शेवटच्या रांगेत चालू लागली, पण बुटकी बाई, पुढे नुसती शिरस्त्राणं. टाचा उंचावून काही उपयोग होईना. पुढच्या, एरवी प्लंबर असलेल्या शिपायाने वळून पाहिलं.

"सिन्योरा, दिसतंय का?"

"कुठलं दिसतंय! तुमची डोकी दिसतायत."

त्याने पुढच्याच्या खांद्यावर थाप मारली, त्याने त्याच्या पुढच्याच्या. एकेक माणूस बाजूला सरकत गेला आणि थेट सेवेरिनोपर्यंत वाट मोकळी झाली.

"आता?"

"दिसतंय रे बाबा, दिसतंय," ऑर्तेन्झिया म्हणाली. ती रडत होती, आणि चालतही होती.