पहिल्या पानावरची मावशी

गल्लीतले नळ चार दिवस कोरडे होते, पण भाच्याच्या वर्तमानपत्रात त्याची एक ओळ नव्हती.

“संपादक म्हणतात, जागा नाही,” वार्ताहर भाचा पुटपुटला.

“आणि नगरसेवकाच्या कुत्र्याच्या वाढदिवसाला बरं अर्धं पान मिळतं!” मावशीने सुनावलं.

दुसऱ्या दिवशी नगरसेवक बागेतल्या बाकाचं उद्घाटन करायला आले. भाच्याने कॅमेरा रोखला, तोच मावशी रिकामी बादली उलटी धरून त्यांना खेटून उभी राहिली. त्याने हसू दाबत फोटो काढला. फोटोत नगरसेवक दिसताच संपादकांनी तो पुढच्या सकाळी पहिल्या पानावर टाकला. लोकांनी फोन करकरून नगरसेवकांना भंडावलं. दुपारी नळ धो धो वाहू लागले.

भाचा मावशीचं कौतुक करायला घरी गेला, तर ती फुरंगटलेली. “मेल्या, नेमके माझे डोळे मिटलेले असतानाच बरा फोटो काढलास!”