अंगावरचं दूध

उज्ज्वलाचं आणि भारतचं पटेनासं झालं, तेव्हा तांड्याच्या पंचांनी सांगून टाकलं होतं : अंगावरचं दूध सुटलं की पोरगी बापाकडे. तांड्याचे प्रमुख, नाईक नेमसिंग, यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. उज्ज्वला बी.ए. झालेली, पण ती रेघ तिलाही पुसता येईना. मग तिने दूध सुटू दिलं नाही. रुही अडीच वर्षांची झाली, भाकर खाऊ लागली, तरी दारात कुणाची चाहूल लागली की उज्ज्वला तिला पदराखाली घ्यायचीच.

शेवटी पोरगी आपल्यापाशीच राहावी म्हणून तिने कोर्टात अर्ज केला. कोर्टाने दोघांना मध्यस्थीला पाठवलं. पंचांना डावललं म्हणून माहेरचं कुणी सोबत आलं नाही. याडी, तिची आई, दारातूनच म्हणाली, "कोर्टात तू गेलती, आता तूच निस्तर."

दिग्रसला मध्यस्थ वकीलबाईंनी भारतसोबत आलेल्या नाईकांना बाहेरच्या बाकावर बसवलं. आत नवरा-बायको आणि रुही. भारत आपला दाराकडेच बघत बसला. आजवर त्याच्या वतीने नाईकच बोलत आले होते.

"तिकडे काय पाहून राह्यले?" वकीलबाई म्हणाल्या. "पोरगी नाईकाची हाय का?"

"मी कायले बोलू? पंचाईनं सांगतलंच हाय. दूध सुटलं का..."

उज्ज्वलाने घाईघाईने रुहीला पदराखाली ओढलं. रुहीने पदर भिरकावला.

"मी मोठी झाली! मले चहा पाह्यजे!"

गेलं सगळं. उज्ज्वलाने डोळे मिटले.

बशीचा आवाज आला. भारतने आपल्यापुढचा चहा बशीत ओतला होता. फुंकर मारून तो पोरीला बोलावत होता. रुही आईच्या मांडीवरून हलली नाही. तिथूनच मान लांबवून प्यायली.

"कधीपासून सुटलं?" त्याने हळूच विचारलं.

"दिवाळीपासून."

"अन् तू रोज सोंग करून राह्यली?"

उज्ज्वलाने रुहीचं तोंड पदराने पुसलं. त्याने रिकामी बशी कपाखाली सरकवली.

"राहू द्या तिच्यापाशीच," तो वकीलबाईंना म्हणाला. "मी बाजाराच्या दिवशी भेटत जाईन. लिवा तसं."

बाहेर नाईक उठून उभे राहिले. "काय झालं रे?"

"अजून अंगावर पिते, नाईक. कशी नेऊ?"

"मंग थांबू," नाईक म्हणाले.

उज्ज्वलाला वाटलं, त्याने एकदा वळून पाहावं. पण नाईकांना मागे बसवून त्याची मोटारसायकल फाटकाबाहेर गेलीसुद्धा.

पुसदच्या बसमध्ये खिडकीशी बसल्यावर तिने झोपलेल्या रुहीवर सवयीने पदर ओढला. बसमध्ये तांड्याचं कुणी नव्हतं. ओळखीचंच कुणी नव्हतं.