पहिलं घर देवीचं

किशनराव आबांचं मनगट मोडलं तेव्हा त्यांच्या लेकीचा लेक वीस पावलांवर टिपरचं स्टिअरिंग धरून बसला होता, आणि तो खाली उतरला नाही. मोडलेल्या हाडापेक्षा आबांच्या लेकाला, बजरंगला, हे जास्त झोंबलं.

लोहा तालुक्यात गोदावरीच्या काठाला त्यांचं रान. नदीतून वाळू उपसणाऱ्यांना गाड्या बाहेर काढायला वाट हवी होती आणि सगळ्यात जवळची वाट यांच्या सोयाबीनमधून जात होती. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा सरळ बांध फोडून टिपर आत घातला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आबा काठी घेऊन आडवे गेले. वाळूवाल्यांच्या मुकादमानं ती काठी हिसकली, तीच त्यांच्या हातावर घातली आणि म्हाताऱ्याला चिखलात लोटून दिलं. टिपर चालवत होता सत्यम, बजरंगच्या बहिणीचा, उज्वलाचा एकुलता एक. नवरा गेल्यावर उज्वला सासरी हदगावलाच राहिली, पण पोरगा दहावीपर्यंत मामाकडे वाढला, याच आबांच्या ताटात जेवून. आता चोवीस वर्षांचा दाढीवाला गडी झाला होता आणि कुणाचंच ऐकत नव्हता.

त्याच दिवशी उज्वलाचा फोन आला.

"बजरंग, माझ्या लेकाला तिथून काढ. मागल्या महिन्यात त्या लोकांनी एका ड्रायव्हरचे दोन्ही पाय मोडले म्हणून ऐकून राहिले मी."

"अक्का, त्यानं आबाला पडताना बघितलं. बसल्या जागचा हालला न्हाई."

"म्हणून तर म्हणते. दम दे, दोन ठेवून दे, काय बी कर. पण जित्ता घरी आण माझ्या."

बजरंग हाव म्हणाला. वयानं पंचेचाळिशीचा झाला तरी अक्काला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. तिनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं कमरेला रिव्हॉल्व्हर लावलं. हे नवं होतं. जुनं, विलायती, आजोबांच्या वेळचं, त्याच्या सांगाड्याला चीर गेली म्हणून आठ महिन्यांपूर्वी मोडीत निघालं होतं. त्या जुन्याची या घराला एक रीत होती. फिरत्या चकरीच्या सहा घरांत पाचच काडतुसं भरायची. चाप ओढला की जे घर आपटणाऱ्या घोड्याखाली येतं ते रिकामं ठेवायचं. ते माहूरच्या रेणुकामाईचं. राग आलेल्या माणसाला देवी एकदा थांबवते, असं आजोबा म्हणत. नुसतं 'कट' वाजतं, तेवढ्यात आपण शुद्धीवर येतो आणि पुढचा पळून जातो. म्हणूनच घरी उगीच रिकामा चाप ओढायचा नाही. तो आवाज देवीचा, खेळायचा नाही.

आबांनी उभ्या जन्मात चार जणांवर तो 'कट' वाजवला. एकानं धोतरात मुतलं. एक गाव सोडून परभणीला गेला तो बापाच्या दिवसकार्यालाही परतला नाही. एक त्यांचा सख्खा चुलतभाऊ होता, बांधावरून भांडायला आलेला, आणि तो पुढं वीस वर्षं आबांना बघितलं की रस्ता बदलायचा. चौथ्याचं नाव आबा सांगत नसत, नुसते हसत. गावात या गोष्टी लग्नाच्या पंगतीत रंगवून सांगितल्या जात, आणि ऐकताना बजरंगची मान ताठ व्हायची. खोटं कशाला बोला?

जुनं गेलं तेव्हा आबा म्हणाले होते, आणायचं तर तसंच आणा. परवाना एव्हाना बजरंगच्या नावावर झाला होता. तो लातूरला बसलिंगप्पांकडे गेला. आप्पांच्या दुकानात तीन पिढ्यांपासून या घराच्या शस्त्राची देखभाल व्हायची. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, कांदासुद्धा न खाणारा माणूस आणि धंदा बंदुकांचा. आप्पांनी मखमलीवर एक रिव्हॉल्व्हर ठेवलं आणि बजरंगच्या तोंडून आपसूक "आबांचंच की!" निघालं. तीच बाकदार मूठ, तीच आखूड नळी, बाजूची नक्षीसुद्धा तीच.

"जुन्याचं रूप घेऊन नवीन काढलेत बघा," आप्पा म्हणाले. "आता घ्यावं का न घ्यावं म्हणाल, तर लोखंड जुन्यापेक्षा चांगलं. सुटे भाग मिळतात. खाली पडलं तर उडत न्हाई. चाप मात्र जड हाय, अन् ती जुनी चकाकी काय यायची न्हाई. मिरवायला घेणार असाल तर घेऊ नका, वापरायला घेणार असाल तर घ्या. पण एक ऐका, बजरंगराव. दिसतंय तसं ते आतून न्हाई. घरी नेऊन रिकामं शंभर येळा ओढून बघा. चकरी कशी फिरते, चाप कुठं सुटतो, हाताला कळू द्या."

"आमच्यात रिकामं ओढत न्हाईत, आप्पा."

"मग शिका की हो."

बजरंग हसला. चाचणीच्या मैदानावर त्यानं सहाच्या सहा घरं भरून सहा गोळ्या झाडल्या, पाच पुठ्ठ्याला लागल्या, आणि तो खूश होऊन घरी आला. चकरीकडे बघायला त्याला सवड कुठली? तो पुठ्ठ्याकडे बघत होता. दसऱ्याला आबांनी स्वतः पाच काडतुसं भरली, हळदकुंकू लावलं आणि साठ वर्षांच्या सवयीनं घोड्याच्या डाव्या अंगाचं घर देवीला सोडलं. त्यानंतर त्याला कुणी हात लावला नाही.

गुरुवारी सकाळी अकराला टिपर पुन्हा बांधावर आला. बजरंग वाटेत उभा राहिला. गाडी त्याच्या छातीपासून हातभर अंतरावर थांबली. केबिनमधून आधी मुकादम उतरला, हातात लोखंडी टॉमी घेऊन.

"सरक बाजूला. का तुझं बी मनगट पायजे?"

मुकादमानं टॉमी फिरवली. डोकं चुकलं, खांदा सापडला, आणि बजरंगचा डावा हात कोपरापर्यंत बधिर झाला. उजव्या हातानं त्यानं कमरेचं रिव्हॉल्व्हर काढलं आणि मूठ मुकादमाच्या तोंडावर हाणली. एकदा, दोनदा. दुसऱ्यांदा दात तुटल्याचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला. मुकादम गुडघ्यावर बसला तरी तो थांबला नाही. आबांना चिखलात लोटणारा हात त्यानं बुटाखाली घेतला आणि सगळं अंग त्यावर टाकलं. मुकादम गुरासारखा ओरडला. बजरंगला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

"मामा, सोडा! मरंल ते!"

सत्यम खाली उतरला होता. परक्या माणसासाठी उतरला, आज्यासाठी नाही उतरला. बजरंगच्या डोक्यात तिडीक गेली.

"चावी गाडीतच ठेव अन् हदगावला चालता हो. आत्ताच्या आत्ता."

"न्हाई जात. हदगावला काय ठेवलंय?"

"तुझ्या आज्याचा हात मोडला अन् तू बघत बसलास!"

"उतरलो असतो तर माझा मोडला असता," सत्यम म्हणाला. तो मागे सरला नाही. "तुम्हाला रान हाय, मामा. मला काय हाय?"

तोंडापेक्षा बजरंगचा हात आधी चालायचा. त्यानं रिव्हॉल्व्हर भाच्याच्या छातीवर धरलं. सत्यम चक्क हसला.

"मला भेव दावता का? दसऱ्याला काडतुसं पुसून मीच देत व्हतो तुम्हाला. पहिलं घर देवीचं." तो एक पाऊल पुढे आला. नळी त्याच्या शर्टाच्या तिसऱ्या गुंडीला टेकली.

"पहिलं देवीचं, दुसरं माझं," बजरंग म्हणाला.

"ओढा मग पहिलं."

बजरंगनं मनात सगळं मांडून ठेवलं होतं. आता कट वाजेल. मग दुसरी गोळी त्याच्या पायाजवळ मातीत घालायची. पोरगं पळेल, थेट हदगावला जाऊन थांबेल, अक्काला दिलेला शब्द पुरा होईल. त्यानं चाप ओढला.

बार झाला.

नदीकाठचे बगळे एकदम उडाले. सत्यमच्या शर्टाला जळाल्याचा काळा डाग पडला आणि त्या डागाच्या मधून रक्त आलं, आधी थोडं, मग भसाभस. तो पडला नाही. त्यानं मामाच्या दोन्ही खांद्यांना धरलं आणि तोंडाकडे बघत राहिला, कुणी थट्टा करावी आणि ती कळू नये तसा. मग त्याचे पाय गेले.

त्याला उचलायला कोण आलं? तोंड फुटलेला, एक हात लोंबणारा मुकादम. बजरंगचा डावा हात उचलत नव्हता, मुकादमाचा उजवा. दोघांनी मिळून दोन हातांनी पोराला केबिनमध्ये चढवलं. मुकादमानं एका हातानं टिपर हाकला, दर दोन मिनिटांनी खिडकीतून रक्त थुंकत. बजरंग मांडीवर भाच्याचं डोकं घेऊन बसला, पटका छातीवर दाबून. पटका भिजला, विजार भिजली, सीट भिजली.

"मामा, लई जड वाटून राहिलं," सत्यम म्हणाला.

"बोलू नको. आलंच नांदेड."

"आईला नका सांगू."

नांदेड अजून दहा किलोमीटर होतं तेव्हा त्याचा श्वास थांबला. मुकादमाला कळलं नाही, तो हॉर्न वाजवत गाडी दामटतच होता, आणि बजरंगनं त्याला सांगितलं नाही. त्यानं कमरेचं रिव्हॉल्व्हर काढून उघडलं. देवीचं घर रिकामंच होतं, जिथं ठेवलं होतं तिथंच, फक्त घोड्यापासून आणखी एक घर लांब गेलेलं. जुनी चकरी उजवीकडे फिरायची. ही डावीकडे फिरली होती.

सरकारी दवाखान्याच्या आवारात दुपारपर्यंत गाव जमलं. पोलिसांनी शस्त्र ताब्यात घेतलं, मुकादमाला टाके घालायला नेलं, आणि बजरंगला व्हरांड्यातल्या बाकावर एका शिपायाच्या शेजारी बसवलं. गळ्यात प्लास्टरचा हात अडकवून आबा आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण बोलणं पक्कं होतं. ते लेकाच्या कानाशी वाकले.

"नवा माल खराब निघाला म्हणून सांग. आपसूक उडाली. आप्पाला साक्षीला बोलावतो."

"आप्पांनी सांगितलं व्हतं, आबा. मीच ऐकलं न्हाई."

"तरी बी खराबच. जुनं असतं तर हे झालं असतं का? सांग मला. साठ वर्षांत कुणाला एक ओरखडा तरी आला का?"

शिपायानं मान दुसरीकडे वळवली. फौजदार जवळच खुर्ची टाकून कागद भरत होता. बंदूकच खोटी निघाली म्हणायचं, एवढी एक वाट मोकळी होती, आणि ती वाट धरावी असं बजरंगला क्षणभर फार वाटलं. तुरुंगाचं त्याला तेवढं काही नव्हतं. अक्कासमोर काय म्हणून उभं राहायचं, हे त्याला सुचत नव्हतं.

उज्वला हदगावहून एका शेजाऱ्याच्या गाडीतून आली. ती आधी आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हाताला आणि गालाला लेकाचं रक्त लागलेलं होतं. बाकासमोर येऊन ती उभी राहिली.

"नेम कुठं धरला व्हतास?"

"उज्वला, बाई, ऐक," आबा मधेच म्हणाले, "ते पहिलं घर रिकामं असतंय, पण नव्या बंदुकीनं—"

"तुम्ही गप बसा, आबा. मी याला विचारून राहिले. नेम कुठं धरला व्हतास, बजरंग?"

"छातीवर."

"मी दम दे म्हणले व्हते. छातीवर कामून धरलास?"

"रिकामं हाय म्हणून, अक्का."

"रिकामं हाय म्हणून," ती म्हणाली. "आपल्यात मामा भाच्याला देव मानून पाया पडतेत रे. दर दिवाळीला पडत व्हतास ना?" मग तिनं पायातली चप्पल काढली आणि त्याला मारायला सुरुवात केली. तोंडावर, डोक्यावर, टॉमी लागलेल्या खांद्यावर. शिपाई उठला, पण फौजदारानं त्याला हातानं थांबवलं. बजरंगनं हात वर केला नाही. ओठ फुटला, एक डोळा मिटला. थकून खाली बसेपर्यंत ती मारत राहिली. आबा भिंतीला धरून उभे होते. लेकीनं त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि त्यांनी नजर खाली घातली.

थोड्या वेळानं फौजदार खुर्ची पुढे ओढून बसला.

"शस्त्रात काही दोष होता का? असेल तर आत्ताच सांगा, तपासणीला पाठवताना तसं लिहावं लागतं."

आबांनी मान वर केली. बजरंगनं तोंडातलं रक्त गिळलं.

"न्हाई साहेब. रिव्हॉल्व्हर चांगलं हाय. पोराच्या छातीवर नेम मी धरला, चाप मी ओढला. जुनं असतं तरी मी तेच केलं असतं. लिहा."

फौजदारानं तसं लिहिलं आणि सहीसाठी कागद त्याच्यापुढे सरकवला.