पांढऱ्या घोडीच्या मापाचा गळपट्टा

मित्रांनो, तबेल्यातल्या खुंटीवरची ही जाड, काळी, लंबगोल वस्तू म्हणजे मी, घोड्याचा जुना गळपट्टा. घोडा गाडी ओढतो असं तुम्ही म्हणता, पण खरं तर तो खांद्याने मला पुढे रेटतो. माझ्या दोन्ही बाजूंना कड्या, कड्यांना पट्टे आणि पट्ट्यांच्या टोकाला गाडी.

एका म्हाताऱ्या कारागिराने मला शिवलं. वरून कातडं, पोटात पेंढा, मानेला लागतो तिथे लोकर. मग मला भिजवून, ओलाच पांढऱ्या घोडीच्या गळ्यात चढवलं आणि तिला गाडीला जुंपलं. उन्हात वाळता वाळता मी तिच्या मानेचा आकार घेतला. तिचा डावा खांदा जरा भरलेला होता, म्हणून मीही डावीकडे दबलो.

रोज सकाळी गाडीवान मला उलटा धरून तिच्या तोंडावरून सरकवायचा आणि मानेवर सुलटा फिरवायचा. ती शहाण्यासारखी उभी राहायची. गाडीतले लोक म्हणायचे, "चाकं काय सुरेख चालतात!" तिला कुठे काही टोचत नव्हतं, हे फक्त मला ठाऊक होतं.

एका हिवाळ्यात घोडी गेली आणि तांबडा घोडा आला. गाडीवानाने सवयीने मला त्याच्याही गळ्यात घातलं. आठवडाभरात त्याचा खांदा सोलवटला. मला ते जाणवत होतं, पण बाजूला होता येत नव्हतं.

गाडीवानाच्या बायकोने जखम पाहिली. "अहो, मुकं जनावर आहे म्हणून काहीही कराल का?"

दोघं मला घेऊन कारागिराकडे गेली. तो खो खो हसला. "अरे, माझी कवळी तुझ्या तोंडात बसेल का? आण इकडे. उसवतो, पेंढा बदलतो, तांबड्याच्या मापाचा करून देतो."

मी आतून हरखलो. पण गाडीवानाने मला छातीशी धरलं. "नको. तिचा आकार आहे यात."

"ती गेली हो," बायको हळूच म्हणाली, "पट्टा तरी कामाला राहू दे."

त्याने ऐकलं नाही. तांबड्यासाठी नवा पट्टा आला आणि मी खुंटीवर गेलो. सुरुवातीला गाडीवान येऊन माझ्यावरून हात फिरवायचा. पुढे गाडी विकली गेली, मग तोही येईनासा झाला. आता इथे मोटारीची टायरं रचतात. माझ्या पोटातला पेंढा उंदरांनी नेला. जो आकार जपायला मला टांगलं, तोही उरला नाही. मी आता कुणाच्याच मापाचा नाही.

गाडीवानावर माझा राग नाही. त्याचा जीव होता माझ्यावर. पण मित्रांनो, तुमच्या घरी कुणाची आठवण म्हणून काही टांगून ठेवलं असेल, तर ते खाली काढा. तेल लावा, उसवलेलं शिवा, लागलंच तर भरण बदला आणि कुणाला तरी वापरायला द्या. झिजलं तर झिजू द्या. झिजताना निदान कुणाची तरी सोबत असते.