फ्लॉसीचा जुना स्कॅन

पाचूबंदरची फ्लॉसी सोमवारी सकाळी मुलाला, लॉरेन्सला घेऊन बोळिंजच्या स्कॅन सेंटरवर आली. तिच्या फुप्फुसात डाग दिसला होता. गुरुवारी सुई घालून तुकडा काढायचं ठरलं होतं. पण सर्जन म्हणाले होते, सात वर्षांपूर्वी इथेच काढलेल्या स्कॅनमध्ये डाग एवढाच असेल तर सुई टळेल. घरातली जुनी फिल्म मात्र वादळात समुद्राचं पाणी शिरलं तेव्हाच गेली होती.

सेंटरचे संगणक सांभाळणाऱ्या सुरुचीने नाव टाकलं. यादीत नाव होतं, चित्रं नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिनेच सगळे जुने स्कॅन क्लाउडवर, सगळ्यात स्वस्त साठवणीत हलवले होते. तिथलं काही लगेच उघडत नाही. मागणी नोंदवायची आणि वाट बघायची, अठ्ठेचाळीस तासांपर्यंत. म्हणून तर ती स्वस्त. सुरुचीने मागणी नोंदवली आणि दोघांना बुधवारी बोलावलं.

ते गेले आणि तिच्या लक्षात आलं. जुन्या हार्ड डिस्क भंगारात गेल्या होत्या. स्कॅन वर चढल्याच्या हिरव्या खुणा तिने पाहिल्या होत्या, पण चढवलेलं खाली उतरतं का, हे एकदाही पाहिलं नव्हतं. दिवसभर ती पडद्यावरचा तोच शब्द बघत राहिली: प्रतीक्षेत. डबा तसाच राहिला. फुलपाड्याला घरी गेल्यावरही आई दोनदा काय म्हणाली ते तिच्या कानांत शिरलं नाही.

मंगळवारी मासळीचा लिलाव आटोपून फ्लॉसी एकटीच आली आणि बाकावर बसली. घरात जीव लागत नाही, म्हणाली. सुरुची तासभर तिची नजर चुकवत होती. शेवटी तिला राहवेना. जवळ जाऊन बसली आणि खरं काय ते सांगून टाकलं.

फ्लॉसी तिच्याकडे वळून बसली. मग म्हणाली, "बर्फात म्हावरं भरलंस, नि पेटी कधी उघडून नाय बघितली?"

"नाही आंटी."

"मग आता दोघी बसू." तिने पदराने कपाळ पुसलं. "पानी दे जरा."

बुधवारी दुपारी फाइल उतरली. सुरुचीने ती लगेच उघडली. सेंटरचे मालक डॉक्टर जितेंद्र खुर्ची ओढून बसले आणि एकेक चित्र सरकवत गेले. उजव्या बाजूला, खाली, डाग होता. त्यांनी मोजला. सहा मिलिमीटर. आताचा मोजला. सहाच. त्यांनी सर्जनना फोन केला. सुई रद्द झाली, वर्षाने पुन्हा स्कॅन. लॉरेन्सने तोंडावर हात ठेवला. फ्लॉसीने क्रूसाची खूण केली आणि परतीची बस किती वाजता आहे ते विचारलं.

ती गेल्यावर तरी सुरुचीला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिने प्रत्येक महिन्यातले पाच-पाच स्कॅन परत मागवले. शुक्रवारी ते उतरले. एका वर्षीच्या जूनचे पाचही रिकामे निघाले. मग तिने तो जून अख्खा मागवला. सोमवारी कळलं, एकशे चौदा माणसांच्या फाइलमध्ये नावापलीकडे काही नव्हतं.

लपवलं असतं तर वर्षानुवर्षं कुणाला कळलं नसतं. यादी छापून तिने डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. चूक माझी आहे, म्हणाली. त्यांनी यादी शेवटपर्यंत वाचली. मग एवढंच म्हणाले, "फिल्म अजून कुणाकुणाच्या घरी असतील. पावसात त्या खराब व्हायच्या आत विचारा."

तिने पहिला नंबर लावला. आगाशीच्या आशालता नावाच्या बाई बोलत होत्या. सेंटरचं नाव ऐकताच त्यांचा आवाज बदलला.

"काय निघालं का हो माझ्यात?"

"नाही काकू, तसं काही नाही. तुमची जुनी फिल्म आहे का घरात? आमच्याकडची प्रत हरवलीय."

बाई बघून येते म्हणाल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. सुरुची फोन कानाला लावून उभीच राहिली.