छत्तीस वर्षांचे आजोबा

१९८७ साली भिवंडीतल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या डॉक्टर शुभदाताईंनी एक मोजणी हाती घेतली. वर्षभरात दमा आणि बहिरेपणा नव्याने किती जणांना जडला, आणि कोणत्या वयात? एक यादी यंत्रमागाच्या वस्तीची, दुसरी शेती करणाऱ्या वळ गावाची. तक्ते करायचे काम कारकून शरच्चंद्रांकडे आले.

शरच्चंद्र बावन्न वर्षांचे, टापटिपीचे गृहस्थ. चुकीचा आकडा त्यांना भातातल्या खड्यासारखा लागे. वळमध्ये साठीच्या आसपास शंभरात बारा जणांना दमा झाला होता. हे त्यांना पटले. वस्तीत मात्र तेच प्रमाण चाळिशीच्या आतच दिसत होते. नोंदी करणाऱ्या मुलींनी आकडे उलटे लिहिले असणार, असे ठरवून त्यांनी छत्तीसचे त्रेसष्ट केले, सदतीसचे त्र्याहत्तर केले. एका दुपारी एकेचाळीस माणसे म्हातारी करून त्यांनी समाधानाने चहा मागवला.

शुभदाताईंनी तक्ता पाहिला. त्या रागावल्या नाहीत. यातल्या एका तरी घरी जाऊन या, एवढेच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शरच्चंद्र सावळाराम नावाच्या कामगाराच्या खोलीवर गेले. खाटेवर पांढऱ्या केसांचा माणूस खोकत बसला होता. आपला त्रेसष्टचा आकडा बरोबरच निघाला, असे शरच्चंद्रांना वाटले.

"आजोबा, मुलाला बोलावता का जरा?"

"पोरगा साळंत गेलाय. चौथीत हाय," तो माणूस ओरडून म्हणाला.

त्याच्या बायकोने, काशीने, सांगितले की हेच सावळाराम, वय छत्तीस. लूमच्या आवाजाने त्यांना कमी ऐकू येते, म्हणून ते ओरडतात. तिने शाळेचा दाखला दाखवला. जन्म १९५१! तेवढ्यात वळहून सावळारामची आई तुळजा आली. डोक्यावर तांदळाचे पोते, आणि धाप म्हणून नाही. पोते उतरवून तिने पाहुण्यांची चौकशी केली. आपण आत्ता हिच्या मुलाला आजोबा म्हणालो, हे सांगायची शरच्चंद्रांना हिंमत झाली नाही.

खोकला कधीपासून, असे त्यांनी सावळारामला मोठ्याने विचारले.

"खोकला धा वरसं झाली, दमा औंदा लागला. बारा तासांची ड्युटी, नाकातोंडात कापूस. सगल्यांनाच हाय, त्यात काय लिवायचं?"

शरच्चंद्र खाली मान घालून परतले.

"वय जन्मतारखेवरून मोजतात, तसं आजारावरूनही मोजता येतं," शुभदाताई म्हणाल्या. "वळच्या माणसाला जे साठीत होतं, ते इथे छत्तिशीत होतंय. मधली चोवीस वर्षं गेली कुठे, हेच तर विचारायचं होतं. तुम्ही तो प्रश्नच खोडलात."

शरच्चंद्रांनी एकेचाळीसही वये पुन्हा पहिल्यासारखी लिहिली. कारखानदारांच्या बैठकीत तक्ता त्यांनीच वाचला. वये चुकली असतील, असे एक शेठजी म्हणाले, तेव्हा शरच्चंद्र उठले. "मलाही तसंच वाटलं होतं. तुम्ही एकदा माझ्याबरोबर चला. मात्र कुणाला आजोबा म्हणू नका."

लोक हसले. त्या वर्षी दोन कारखान्यांत हवा खेळावी म्हणून भिंतींत खिडक्या पाडल्या गेल्या आणि कामगारांची वार्षिक तपासणी सुरू झाली. सुरुवात लहानच होती.

वाचकहो, न पटणारा आकडा खोडण्याआधी तो ज्या माणसाचा आहे, त्याच्या दारात एकदा उभे राहावे. आपल्या गावातली तरुण माणसे अकाली म्हातारी होत असतील, तर दुरुस्ती कागदावर करायची नसते, कारखान्यात करायची असते.