मारत न्हाई, धरतो

चाकूरच्या बाजारपेठेत हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्या अमरेशला एका शब्दाची भयंकर चीड होती. मासेमारी. ‘काय शेठ, मासे मारायला निघालात का?’ असं कुणी विचारलं की त्याचं डोकंच फिरायचं.

“मारत न्हाई,” तो म्हणायचा, “धरतो. धरतो आन् सोडून देतो.”

“मग धरता कशाला?”

याला उत्तर होतं त्याच्याकडं. पण ते सांगायला लागलं की गिऱ्हाईक खिळे न घेताच हसत निघून जायचं.

माणूस लिंगायताचा. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. घरात अंडं तर सोडाच, केकसुद्धा दहा वेळा विचारून आणायचा. असल्या माणसानं खांद्यावर गळाची काठी टाकून भर बाजारातून जायचं म्हणजे गावाला फुकटचा तमाशा. मापात मारणारे, सिमेंटात राख कालवणारे, भावाच्या बांधावर नांगर घालणारे, सगळे देवळात पहिल्या रांगेत हात जोडून उभे. त्यांना कुणी विचारत नाही, काय शेठ, माणसं मारायला निघालात का म्हणून.

हे खूळ त्याच्या डोक्यात फोनमुळं शिरलं. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसायचं. तेव्हा एकदा फोनवरच्या व्हिडिओत एक गोरा माणूस दिसला. त्यानं तळ्यातून हातभर मासा ओढला, त्याच्या तोंडाकडं बघून हसला आणि अलगद पाण्यात सोडून दिला. अमरेशनं ते पुन्हा लावून बघितलं. म्हणजे असंबी करता येतं? त्यात भर म्हणजे त्या गोऱ्याच्या गळाला गांडूळसुद्धा नव्हतं. रबराचा मासा. नकली. जीव ना गळावर, ना ताटात. लहानपणी गावाकडच्या तळ्यावर दुसऱ्यांची पोरं गळ टाकताना लांबून बघत उभा राहायचा तो. अप्पांनी कान धरून घरी आणलेलं. ते सगळं एकदम वर आलं.

अप्पा म्हणजे त्याचे वडील, बसलिंगप्पा. वय झालं तरी गल्ल्यावरची जागा सोडली नव्हती. त्यांना कळलं तेव्हा ते ओरडले नाहीत. नुसते म्हणाले, “आन् एखादा मेला तर?”

“न्हाई मरणार.”

“मेला तर?”

अमरेशनं गळ्यातल्या लिंगाला हात लावला. “माझ्या हातनं एक जरी मेला, तर ही काठी तुमच्यासमोर मोडीन. पुन्हा पाण्याकडं जाणार न्हाई.”

बोलून गेला. बोलायला काय जातं.

मग सामान आलं. फोनवरचा गोरा जे वापरायचा तेच, त्याच रंगाचं. खोकं फोडलं तर आत कप्प्याकप्प्यांचा डबा. हिरवे मासे, चंदेरी मासे, गरगर फिरणाऱ्या पात्या, रबराचे किडे. डब्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरात ‘बास’. अप्पांनी चष्मा वर करून अक्षरं जुळवली.

“बास,” ते म्हणाले. “विकणाऱ्याला अक्कल हाय. डब्यावरच लिहून दिलंय, आता बास कर म्हणून.”

बास हा माशाचा प्रकार असतो, हे अमरेशनं त्यांना तीनतीनदा सांगितलं. अप्पा पुढं कित्येक महिने त्या डब्याला ‘पुरे’ म्हणत राहिले. “सुनबाई, त्याचं ते पुरे उचल बरं पलंगावरनं.”

आता तळ्याचं सांगतो. गावाबाहेर दगडोबाचं तळं आहे. काठाला शेंदूर लावलेला धोंडा, तो दगडोबा. पाणी दूध जास्त झालेल्या चहासारखं, हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. काठानं सगळीकडं बेशरमाची झुडपं, आणि पाण्यावर शेवाळाची गोधडी. त्या गोधडीखाली मरळ नावाची मासळी राहते. काळी, जाडजूड, सापासारख्या डोक्याची. मधूनच वर येऊन हवेचा घोट घेते, पाण्यावर बुडबुडा सोडते आणि जाते. तो बुडबुडा बघून माणसाचं काळीज हलतं.

पहिल्या दिवशी अमरेशनं हिरवा नकली मासा टाकला. त्याच्या पोटाला आणि शेपटीला तीन-तीन टोकांचे गळ. तो थेट बेशरमात गेला. दुसरा टाकला, तो शेवाळ घेऊन आला, ओल्या पोत्यागत. फिरती पाती टाकली, ती फिरलीच नाही. तिच्याभोवती शेवाळ फिरलं. अडकलेला मासा ओढायला गेला तर बारीक दोरी तुटली. दोरी जाड घेतली तर पुढच्या खेपेला काठीच मधोमध मोडली, मक्याच्या ताटागत. पावसाळा संपेपर्यंत बेशरमाच्या फांद्यांवर त्याचे इतके मासे लटकले, की शेळ्या राखणारी चांगुणाबाई विचारायला लागली, “काय नवस बोललात जी, दगडोबाला?”

फोनवरच्या त्या गोऱ्याला एकदा दगडोबाच्या तळ्यावर आणून उभा करायला पाहिजे होता. काचेसारख्या पाण्यात, साफसूफ काठावर कुणीबी शहाणा होतो. आमच्या तळ्यात बेशरम न्हाई, एवढं एक वाक्य बोलायला त्याची जीभ झडली असती का?

या सगळ्याला साक्षीदार आनंदराज. अर्धापूरचा, इथल्या शाळेवर विज्ञान शिकवायचा. लातूरला कॉलेजात दोघं एका बाकावर होते. हा त्याला ‘शेठ’ म्हणे, तो याला ‘सर’. आनंदराज बांबूची काठी, गांडूळ आणि रविवारचा पेपर घेऊन बसायचा. त्यालाही मरळ काही लागायची नाही, चिल्लर मिळायची. पण जे मिळेल ते घरी नेऊन खायचा आणि त्याबद्दल त्याला कुणाला काही सांगावं लागत नसे.

“शेठ, तुझे मासे झाडावर लई छान दिसून राहिले.”

“गप बस.”

“एक गांडूळ लाव. मी लावून देतो, तू डोळे मीट.”

“गांडुळाला जीव न्हाई का?”

“आन् मरळीला गुदगुल्या होतात का तुझ्या गळानं?”

असं चालायचं.

शेवटी अमरेश नांदेडला गेला. गोदावरीकडं जाणाऱ्या रस्त्यावर गळाच्या सामानाचं एक दुकान होतं. त्यानं ‘पुरे’ काउंटरवर ठेवलं. दुकानदारानं उघडलं, आत बघितलं आणि पान थुंकायला बाहेर जाऊन आला.

“बास कहाँ है मियाँ इधर? अमेरिकेतला मासा हाय तो. आपल्या तळ्यात त्याचा मामा-काका बी न्हाई.”

अमरेश उभा होता तो स्टुलावर बसला. एवढे दिवस तो दगडोबाच्या तळ्यात अमेरिकेच्या माशाला बोलावत होता. त्याच्या भाषेत, त्याच्या आवडीच्या रंगात. मरळीनं का यावं? चुकीच्या पत्त्यावर पत्र टाकायचं आणि उत्तर येईना म्हणून पोस्टमनला शिव्या द्यायच्या, असला प्रकार. राग कुणाचा आला हे त्याला नीट कळेना. गोऱ्याचा, फोनचा, की स्वतःच्या टाळक्याचा.

दुकानदारानं रबरी बेडूक पुढं ठेवला. आतून पोकळ, दोन गळ पाठीला चिकटून बसलेले, टोकं वर. शेवाळावरून सरपटला तरी अडकत नाही, आणि मरळीनं चावलं की रबर दबून गळ उघडे पडतात. पिवळा होता, पांढरा होता. अमरेशनं काळा उचलला. गढूळ पाण्यात खालून वर बघणाऱ्याला उजेडात काळंच दिसणार, एवढं तरी बेशरमाच्या काठावर उभं राहून त्याला कळलं होतं. दुकानदारानं मान हलवली. मग काठी दाखवली. जाड, आखूड, काळी.

“मोडून दाखवा,” तो म्हणाला. “मोडली तर पैसे देऊ नका.”

अमरेशनं गुडघ्यावर घेऊन वाकवली. धनुष्य झालं, मोडली नाही.

बेडकानं काम केलं. शेवाळावर टाकायचा, टुकटुक ओढायचा, थांबायचा. पहिल्याच आठवड्यात पाणी फुटलं, मोठा दगड पडावा तसं. अमरेश काठीसकट हलला. मरळ लागली, दोनदा डोकं झटकलं आणि सुटली. पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्याही. याचं कारण त्याला ठाऊक होतं, आनंदराजलाही ठाऊक होतं. गळाच्या टोकाजवळ एक बारीक उलटा काटा असतो, आत गेलेला गळ बाहेर येऊ देत नाही तो. अमरेश प्रत्येक गळाचा तो काटा दुकानातल्या पकडीनं दाबून सपाट करायचा. माशाला इजा नको, काढताना पटकन निघावा. निघत होता. हातात यायच्या आधीच निघत होता.

“काटा ठेव ना बाबा,” आनंदराज म्हणाला.

“मग सोडायचा कसा?”

“आधी धर तर. तू धरतो धरतो म्हणून गाव डोक्यावर घेतलंस. धरलंस का एक तरी?”

हे लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं. दोन वर्षं झाली होती. बाजार म्हणत होता मारतो, तो म्हणत होता धरतो, आणि दोन्हीपैकी काहीच झालं नव्हतं. घरी गेलं की अप्पा विचारायचे, “काय आज?” तो म्हणायचा, “कायबी न्हाई.” अप्पा निवांत जेवायला बसायचे. तो निवांतपणासुद्धा त्याला टोचायला लागला होता.

त्या रविवारी सकाळी एक मरळ पार पायाशी येऊन सुटली. तिचा डोळासुद्धा दिसला. अमरेशनं चप्पल काढून पाण्यात फेकली, मग ती आणायला गुडघाभर गाळात गेला. आनंदराजनं पेपरच्या आड तोंड लपवलं. बेडूक फाटला होता. नवा काढला, पकड हातात घेतली. काटा कोवळ्या बाभळीच्या काट्यागत टोकदार होता. त्यानं थोडा वेळ बघितलं आणि पकड खिशात घातली.

एकदाच. एकदा तोंड तर बघू.

दुपारपर्यंत काही झालं नाही. उन्हं कलताना बेशरमाच्या सावलीत बुडबुडा आला. बेडूक त्याच्यापुढं पडला, थांबला, हलला. पाणी फुटलं. अमरेशनं काठी ओढली आणि ह्यावेळी पलीकडून जे ओढलं गेलं ते सुटलं नाही. काठी धनुष्य झाली. शेवाळाच्या गोधडीसकट मरळ काठावर आली. हातभर. काळ्या पाठीवर ओलं ऊन.

“आली!” आनंदराज पेपर टाकून धावला. “शेठ, आली की रे! धरलीस!”

अमरेशनं तिच्या तोंडाकडं बघितलं. गोऱ्यासारखं हसायचं होतं त्याला. पण बेडूक तोंडात दिसतच नव्हता. पार आत गिळलेला. एक गळ कल्ल्यात रुतलेला. त्यानं पकड घातली, ओढली. उलटा काटा त्याचं काम करत होता. ज्यासाठी केला होता तेच. रक्त आलं. त्यानं दोरी कापली, मरळीला पाण्यात धरलं, पुढं-मागं हलवलं, फोनवर दाखवतात तसं. “जा,” म्हणाला. “जा ना माय.” ती थोडी हलली. मग पांढरं पोट वर झालं.

अमरेशनं तिला पाण्याबाहेर काढलं. हात लाल. मग उठला आणि मासा आनंदराजपुढं धरला.

“तू घेऊन जा. तुम्ही खाता. वाया तरी जाणार न्हाई.”

आनंदराजनं हात पुढं केला नाही.

“आम्ही खातो,” तो म्हणाला. “हाव, खातो. म्हणून तुमचं पाप आमच्या पोटात टाकायचं? मी चार बोटांचा मासा नेला तर बाजार म्हणतो, त्यांचं तसंच असतंय. तू हातभर मारलास तर तो चुकून मेला. व्हय ना?”

“तसं न्हाई म्हणलो मी.”

“म्हणलास. नेतो मी, वाया न्हाई घालवत. पण माझ्या हातानं न्हाई. तू उचल, माझ्या घरी चल, बुद्धप्रियाच्या हातात दे आन् सांग कुणी काय केलं ते.”

अमरेश चालत गेला. एका हातात काठी, एका हातात कल्ल्यात बोट घालून मरळ. भर बाजारातून. आज कुणी काही विचारलं नाही. लोक नुसते बघत राहिले, आणि तेच जास्त झालं.

आनंदराजच्या दारात त्याची बायको बुद्धप्रिया उभी होती. अमरेशनं मासा पुढं केला.

“वैनी, ही मरळ. मी… मी मारली.”

“अगंबाई, केवढी!” बुद्धप्रियानं ती दोन्ही हातांनी घेतली. “बरं झालं, आज भाजी काय करावी सुचत नव्हतं. आत या की, चहा ठेवते.”

बस्स. एवढंच. ज्या शब्दासाठी दोन वर्षं भांडला, तो बोलला आणि आभाळ कोसळलं नाही. याचाही त्याला राग आला. चहा न घेता तो निघाला.

दुकान बंद करायची वेळ होती. अप्पा गल्ल्यावर होते. त्यांनी लेकाच्या शर्टावरचे डाग बघितले आणि ‘काय आज’ विचारलं नाही.

“मेली,” अमरेश म्हणाला. मग स्वतःच दुरुस्त केलं. “मारली.”

त्यानं काठी आडवी धरली, गुडघ्यावर ठेवली आणि दाबली. ती वाकली. आणखी दाबली. धनुष्य झालं. दात-ओठ खाऊन त्यानं सगळं अंग टाकलं, तर काठी सटकन सुटून त्याच्या नडगीवर बसली. पायरीला टेकवून लाथ घातली, पाय घसरला. पुन्हा गुडघ्यावर घेतली. कपाळाची विभूती घामानं ओघळून डोळ्यात गेली. समोरच्या चहाच्या टपरीवरचे लोक उठून उभे राहिले.

“मोड ना भाड्या!” तो काठीवर ओरडला. हातात बळ उरलं नव्हतं आणि काठीवर साधा चरासुद्धा नव्हता.

अप्पा गल्ल्यावरून उतरले. काठी हातात घेतली, एक टोक दाबून बघितलं, सोडलं. ती थरथरत सरळ झाली.

“ह्या वक्ताला,” ते म्हणाले, “चांगली पारखून घेतलीस की.”

मग लोखंड कापायची करवत काढून त्यांनी लेकाच्या हातात दिली.